अनेकस्वरी घाट आणि अनुच्चारित जीवन : फ्रेडी मर्क्युरीच्या दीर्घ गीतरचनांचा विचार

प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखला जाणारा संगीतप्रकार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकारास आला. तीनचार मिनिटांचे, एकाच भावस्थितीभोवती फिरणारे आणि ध्रुवपदाकडे पुनःपुन्हा परतणारे गीत हे तत्कालीन लोकप्रिय संगीताचे रूढ परिमाण होते. ते परिमाण मोडून, पाश्चात्त्य अभिजात संगीतातील खंडबद्ध रचनेप्रमाणे परस्परभिन्न खंडांची दीर्घ मालिका बांधणे, ही या प्रकाराची मूळ प्रेरणा होय. किंग क्रिम्झन या वृंदाची १९६९ मधील पहिली ध्वनिमुद्रिका, येस या वृंदाची १९७२ मधील, तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी 'क्लोज टु दि एज' ही रचना, आणि त्याच वर्षीची जेनेसिस या वृंदाची सुमारे तेवीस मिनिटांची 'सपर्स रेडी' ही या प्रकाराची प्रातिनिधिक उदाहरणे म्हणून सांगता येतील.

हा प्रकार पुराणकथा, विज्ञानकल्पना आणि तात्त्विक रूपके यांत रमणारा. देह आणि प्रीती यांना त्यात तुलनेने थोडे स्थान मिळाले. आणि त्याचे वादक व श्रोते हे बहुतांशी पुरुष होते. त्यामुळे समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी कलावंतांचा या परंपरेतील वाटा कोणता, असा प्रश्न विचारला असता प्रथमदर्शनी उत्तर अल्पच मिळते. परंतु हे अल्पत्व कलावंतांच्या अभावाचे आहे की उच्चाराच्या अभावाचे, हे पाहणे आवश्यक आहे. कलावंताने स्वमुखाने जे सांगितले नाही, त्याचा समीक्षकाने कृतीच्या संदर्भात विचार करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या मर्यादेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी महाराष्ट्राशी काही प्रत्यक्ष संबंध असलेला कलावंत निवडला आहे. तो म्हणजे क्वीन या वृंदाचा गायक व रचनाकार फ्रेडी मर्क्युरी.

२

मर्क्युरीचे मूळ नाव फारूख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील तेथील ब्रिटिश वसाहतीच्या सेवेत होते. शालेय शिक्षणासाठी त्याला पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे तो पियानो शिकला आणि सहाध्यायांसमवेत 'दि हेक्टिक्स' या नावाचा एक छोटा वृंद स्थापून त्या काळची पाश्चात्त्य रॉक अँड रोल गीते वाजवू लागला. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढील वर्षी तेथे राज्यक्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात त्याने आलेखन कलेचे शिक्षण घेतले. १९७० मध्ये क्वीन वृंदाची स्थापना झाली.

पाचगणीच्या या वास्तव्यावरून मर्क्युरीच्या संगीतात सह्याद्रीचे किंवा मराठी गीताचे संस्कार शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरणेच इष्ट. त्या शाळेचे सांस्कृतिक वातावरण इंग्रजी होते आणि त्या मुलांचे आदर्श आटलांटिकपलीकडचे होते. पाचगणीचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. एका नावाने जन्मलेला, दुसऱ्या नावाने हाक मारला जाणारा आणि पुढे तिसरे नाव स्वतः निवडणारा हा मुलगा स्वतःचे एक निराळे व्यक्तिमत्त्व घडवण्यास येथेच आरंभ करतो. प्रसिद्धीच्या काळात आपल्या पारशी कुळाविषयी, झांझिबारविषयी आणि हिंदुस्थानातील बालपणाविषयी तो क्वचितच बोलला. त्याची लैंगिकता हा त्याच्या मौनाचा एकमेव विषय नव्हता, ही गोष्ट त्याच्या चर्चेत बहुधा विसरली जाते.

त्या लैंगिकतेविषयीची वस्तुस्थिती थोडक्यात अशी. मेरी ऑस्टिन या स्त्रीशी त्याचे अनेक वर्षांचे सहजीवन होते आणि ते संपल्यावरही तिच्याशी त्याचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. त्याचे पुरुषांशीही प्रेमसंबंध होते. १९८५ पासून मृत्यूपर्यंत जिम हटन हा त्याचा सहचर होता. मुलाखतींत त्याने या विषयावर थट्टेच्या सुरात सूचक उत्तरे दिली. गंभीर आणि औपचारिक निवेदन मात्र कधी केले नाही. आपणास एड्स झाल्याचे निवेदन त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रसिद्ध केले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. त्याचा अंत्यविधी झरथुष्ट्री पद्धतीने झाला. इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगीतील समलिंगी संबंध १९६७ च्या कायद्याने गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले गेले होते. म्हणजे मर्क्युरीच्या मौनामागे कायद्याचे प्रत्यक्ष भय उरले नव्हते. समाजाचे, वृत्तपत्रांचे आणि कदाचित स्वतःच्या घराचे होते.

३

क्वीनच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सीमेवर उभ्या आहेत. १९७४ मधील 'क्वीन टू' या ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंना शुभ्र आणि कृष्ण अशी नावे दिलेली आहेत, आणि कृष्ण बाजूवरील सर्व गीते मर्क्युरीची आहेत. त्यांतील 'दि मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' ही सुमारे साडेसहा मिनिटांची रचना अनेक तुकड्यांनी बनलेली असून लय, सूर आणि बोलणारी व्यक्ती ही सतत पालटत राहतात. याच काळातील काही गीतांत त्याने 'ऱ्हाय' नावाचा एक कल्पित प्रदेश उभा केला आहे. १९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही या मार्गावरील सर्वपरिचित कृती. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांची ही रचना ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिली.

तिचा घाट पाहण्यासारखा आहे. वाद्यांशिवायचा वृंदगानाचा आरंभ. पियानोच्या साथीने मुलाने आईला दिलेली एका हत्येची कबुली व घेतलेला निरोप. गिटारचे एकल वादन. ऑपेराच्या ढंगाचा, अनेक कंठांचा, वादविवादासारखा खंड. त्यामागून संतप्त रॉक. आणि शेवटी शांत, उदासीन उपसंहार. ध्रुवपद असे नाहीच. रचना बी फ्लॅट या स्वराच्या आधाराने सुरू होते आणि एफ या स्वरावर संपते. जेथून निघाली त्या षड्जावर ती परतत नाही.

या गीताचा अर्थ काय, याविषयी बराच खल झाला आहे. गीतकार टिम राइस यांनी ते मर्क्युरीच्या समलिंगित्वाची प्रच्छन्न कबुली असल्याचे मत मांडले, आणि हे मत पुढे पुष्कळांनी उचलले. या वाचनानुसार मारलेला माणूस म्हणजे मर्क्युरीचेच पूर्वीचे रूप, आणि आईचा निरोप म्हणजे रूढ गृहस्थजीवनाचा निरोप. मर्क्युरीने स्वतः गीताचा अर्थ सांगण्याचे टाळले. त्याच्या सहकाऱ्यांनीही तो भेद उघड केला नाही.

या वाचनावर दोन प्रकारचे आक्षेप संभवतात. पहिला, शुद्ध सौंदर्यवादी आक्षेप असा की, कलाकृती स्वायत्त आहे. कर्त्याच्या जीवनाशी तिचा संबंध जोडणे हे समीक्षेचे कार्यच नव्हे. दुसरा आक्षेप निराळा आहे आणि तोच येथे महत्त्वाचा. कबुलीचा सिद्धांत जीवनाला अवास्तव महत्त्व देतो, हा त्याचा खरा दोष नाही; तो घाटाला फार थोडे महत्त्व देतो, हा आहे. सहा खंडांच्या रचनेतील एका खंडाचे शब्द उचलून त्यांना किल्ली मानावयाचे आणि उरलेले खंड अलंकार म्हणून सोडून द्यावयाचे, अशी ही पद्धती आहे.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली, ती येथे उपयोगी पडतात. या रचनेत संवादापेक्षा विरोधाचे राज्य आहे. प्रत्येक खंड मागील खंडाला छेद देतो. पण खरा विरोध मधल्या ऑपेरा-खंडात आहे. तेथे एका आरोपीभोवती दोन जमाव उभे आहेत. एक त्याला सोडा म्हणतो, दुसरा सोडणार नाही म्हणतो. हे दोन्ही जमाव मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तीनच व्यक्तींच्या कंठांतून, चोवीस मार्गांच्या ध्वनिफितीवर पुनःपुन्हा थर चढवून निर्माण केलेले आहेत. आरोप करणारा आवाज आणि बचाव करणारा आवाज एकाच गळ्यातून निघतो. समाजाचा न्यायनिवाडा व्यक्तीच्या आत शिरून तिचाच आवाज घेऊन बोलू लागतो, ही जी अवस्था, ती येथे शब्दांनी सांगितलेली नसून रचनेने सिद्ध केलेली आहे. म्हणून हा घाट कबुलीचा नव्हे, अभियोगाचा आहे. कबुलीला एक वक्ता पुरतो. अभियोगाला सर्व पक्ष लागतात.

आणि या अभियोगात निकाल लागत नाही. संतप्त खंडानंतर येणारा उपसंहार दोन पक्षांचा समेट करीत नाही. तो केवळ थकून बाजूला होतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथील समतोल विरोधाच्या परिहारातून येत नाही, विरोधाच्या क्षीणतेतून येतो. हा दोष मानावा काय? तसे मानण्याचे कारण नाही. ज्या जीवनाला उघड निकाल उपलब्धच नव्हता, त्या जीवनाच्या रचनेने खोटा निकाल देऊ नये, हे तिच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण होय. जीवन आणि कृती यांचा संबंध असा घाटाच्या पातळीवर जोडता येतो. त्यासाठी एकेका शब्दामागे एकेक गुपित कल्पिण्याची गरज पडत नाही.

एक तपशील या संदर्भात बोलका आहे. या खंडातील अत्युच्च, स्त्रीकंठासारखे वाटणारे स्वर मर्क्युरीचे नसून तालवादक टेलर याचे आहेत. स्वराच्या जातीवरून गाणाऱ्याची लैंगिक वृत्ती ओळखू पाहणाऱ्या श्रोत्याची येथे पुरती फसगत होते.

४

तुलनेसाठी जेनेसिसकडे वळता येईल. १९७१ मधील 'दि फाउंटन ऑफ सॅल्मेसिस' ही त्यांची रचना स्त्री आणि पुरुष यांचा एकच देह झालेल्या हर्मॅफ्रोडिटस या ग्रीक पुराणपात्राविषयी आहे. १९७३ मधील 'दि सिनेमा शो' मध्ये टायरेसियस येतो, ज्याने पुरुष आणि स्त्री या दोन्ही देहांचा अनुभव घेतला. इला आणि सुद्युम्न यांची कथा ज्यांना परिचित आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. १९७२ मध्ये त्यांचा गायक पीटर गॅब्रिएल पत्नीचा तांबडा झगा घालून आणि कोल्ह्याचे मुंडके चढवून रंगमंचावर आला, तेव्हा प्रेक्षक स्तब्ध झाले. पण गॅब्रिएलच्या खाजगी जीवनाविषयी कोणाला प्रश्न पडला नाही. चार्टरहाउससारख्या प्रतिष्ठित शाळेतून आलेल्या या तरुणांच्या बाबतीत द्विलिंगी देह हा अभ्यासलेला विषय होता. पुराणकथा हे त्यांचे संरक्षण होते. मर्क्युरीने ऱ्हाय हा प्रदेश कल्पिला, तो कोणत्याही पुराणात नाही. त्याला प्रमाण नाही, म्हणून त्याला संरक्षणही नाही. विषय म्हणून द्विलिंगित्व हाताळणे आणि ते स्वतःच्या जीवनात वागवणे यांतील अंतर या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मौन पुढे सुटले तेव्हाही अर्थनिर्णयाचा प्रश्न सुटला नाही. अमेरिकन वृंद सिनिक याची 'फोकस' ही १९९३ मधील ध्वनिमुद्रिका प्रोग्रेसिव्ह मेटल या उपप्रकारात मानाची समजली जाते. तिच्यातील पॉल मॅसव्हिडाल याचा आवाज व्होकोडर या यंत्रातून गाळून येतो. मॅसव्हिडाल आणि तालवादक शॉन रायनर्ट यांनी आपण समलिंगी असल्याचे २०१४ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर केले. तेव्हा त्या यंत्रस्वराचा अर्थ 'लपलेला आवाज' असा लावणे सोपे झाले. पण मॅसव्हिडालच्या कंठाला इजा होण्याचे भय हेही त्या यंत्राच्या योजनेचे एक कारण होते. जीवनाविषयी मिळालेली माहिती खरी असली, तरी तिच्यापासून काढलेला प्रत्येक अर्थ खरा ठरत नाही. उलट, सिंथेसायझरला लोकमान्यता मिळवून देणाऱ्या वेंडी कार्लोस यांचे उदाहरण आहे. त्यांची १९६८ मधील बाखच्या संगीताची ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली, त्या वाद्याचा प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये मोठा प्रसार झाला, आणि आपल्या लिंगपरिवर्तनाविषयी त्या १९७९ मध्ये उघडपणे बोलल्या. त्या संगीतात आत्मचरित्र शोधणे निरर्थक आहे. परंतु या परंपरेच्या इतिहासातून त्यांचे नाव किंवा त्यांचे जीवन वगळणे हे असत्य होईल.

५

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अभ्यासकाला हा सारा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः खंडबद्ध रचना आणि पालटणारा आवाज या दोन्ही गोष्टी या भूमीत जुन्या आहेत. माहूरच्या रेणुकेचा आणि तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ पूर्वरंग व उत्तररंग अशा दोन अंगांनी उभा राहतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उतरणाऱ्या फडांचा तमाशा गण, गौळण, बतावणी, वग अशा टप्प्यांनी पुढे सरकतो. घागरा नेसलेला, केस मोकळे सोडलेला आणि अंगावर आसूड ओढणारा पोतराज लातूरच्या बाजारपेठेत अपरिचित नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, त्यांतील 'जोगवा' वा 'दादला' यांत स्त्री बोलते आणि गाणारा पुरुष असतो.

परंतु भारूड हे रूपक आहे. सासुरवाशिणीच्या तक्रारीमागे जीवाची तक्रार आहे, हे श्रोत्याला ठाऊक असते. आवाज शेवटी परमार्थात विरतो आणि गाणाऱ्या पुरुषावर कोणाचा संशय राहत नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला गुप्त कबुली मानणारे वाचन नकळत तिचे भारूड करते : मागे एकच ठरलेला अर्थ, आणि पुढे त्याची सोंगे. ही रचना तशी नाही. तिच्यातील आवाजांमागे एकत्र नेणारा परमार्थ नाही. याच कारणाने ती भारुडाइतकी निश्चिंत नाही, आणि याच कारणाने ती वारंवार ऐकावीशी वाटते.

दुसरी तुलना तमाशातील नाच्याशी करता येईल. घाट जी मुभा देतो तिला रंगमंचाची कड हीच सीमा असते. आनंद यादव यांच्या 'नटरंग' कादंबरीचा नायक गुणा हा पहिलवान गडी. फड उभा राहावा म्हणून तो नाच्याची भूमिका घेतो, आणि समाज त्या भूमिकेची किंमत त्याच्या देहाकडून व संसाराकडून वसूल करतो. या कथेवरील चित्रपट २०१० मध्ये आला. गुणा स्त्रीवर प्रेम करणारा गृहस्थ आहे. तरी वेषामुळे तो संशयित ठरतो. मर्क्युरीच्या बाबतीत क्रम उलटा आहे. १९८४ मध्ये 'आय वाँट टु ब्रेक फ्री' या गीताच्या चित्रफितीत क्वीनच्या चौघांनीही बायकी वेष केला. गीत जॉन डीकनचे होते आणि वेष इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेची थट्टा म्हणून होता. ब्रिटनने ती थट्टा ओळखली. अमेरिकेत मात्र रोष झाला. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाने एकच चूक केली : रूप हे पुरावा म्हणून वाचले.

राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'जोगवा' या २००९ मधील चित्रपटात हा प्रश्न अधिक तीव्रतेने येतो. त्यातील जोगत्याला साडी नेसणे ही निवड नाही, देवीच्या नावाने लादलेली सक्ती आहे. एकाच वेषामागे एके ठिकाणी कलेची मुभा, दुसऱ्या ठिकाणी देवाची सक्ती आणि तिसऱ्या ठिकाणी स्वतःची ओळख असू शकते. अभ्यासकाने वेष पाहून यांपैकी एक ठरवून टाकणे हे शास्त्र नव्हे.

६

या विवेचनाचा लोककलांच्या संशोधनाशी निकटचा संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर विद्यापीठांतून या विषयावर प्रबंध लिहिणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु माहूर, माळेगाव किंवा तुळजापूर येथे गाणाऱ्या कलावंताचे गीत लिहून घेताना त्याच्या जीवनाची उलटतपासणी करण्याचा धोकाही तितकाच वाढला आहे. लंडनच्या कीर्तिमान गायकाला मौनाचा खर्च परवडत होता. त्याच्याभोवती संपत्ती आणि भिंती होत्या. गावोगाव मागून खाणाऱ्या गायकाचे मौन मोडले तर ते मोडण्याची किंमत संशोधकाला नव्हे, त्याला द्यावी लागते.

म्हणून जीवनाला किल्ली मानणारी समीक्षा आणि जीवनाकडे पाठ फिरवणारी समीक्षा या दोन्ही अपुऱ्या ठरतात. पहिली कलाकृतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करते. दुसरी, ज्यांना बोलता आले नाही त्यांचे न बोलणे कायमचे करून टाकते. यांमधील मार्ग घाटाच्या बारकाईने केलेल्या वाचनातून जातो. कोणता आवाज कोठे बोलतो, कोठे थांबतो, कोणाच्या कंठातून येतो आणि रचना कोठे परतण्यास नकार देते, हे पाहिले म्हणजे कलावंताने जे गुप्त ठेवले त्याला हात न लावताही, त्याने जे भोगले त्याची आकृती दिसू शकते. मर्क्युरीने १९९१ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, 'इन्युएंडो' या शीर्षकगीतात सहकाऱ्यांसह पुन्हा दीर्घ, खंडबद्ध रचनेचाच आश्रय घेतला. त्यात येस वृंदाच्या स्टीव्ह हाउ याने गिटार वाजवली आहे. इन्युएंडो म्हणजे आडून सुचवणे. अखेरच्या काळातही त्याने सूचनेची वाट सोडली नाही. ती सूचना ऐकणे हे रसिकाचे काम आहे. तिची कबुली करून घेणे हे त्याचे काम नव्हे.